फ्राउ हार्टुंगच्या पलंगाचा कठडा

१

वयाच्या एकशे एकाव्या वर्षी फ्राउ हार्टुंग आपल्या पलंगाशेजारी जमिनीवर मेलेल्या सापडल्या, आणि त्याचा आळ इचलकरंजीच्या एका बावीस वर्षांच्या मुलीवर आला. मुलीचं नाव ईप्सिता. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये ती नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत शिकायचा अभ्यासक्रम, करत होती. सकाळ-संध्याकाळ ती घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करायची. फ्राउ हार्टुंगना संध्याकाळी तिनंच पाहिलं आणि तिनंच फोन केला.

मी ऊर्मिला. पोलीस आणि कोर्टाच्या कामाला शपथ घेतलेली दुभाषी आहे. लोक खोटं बोलतात आणि मी ते दुसऱ्या भाषेत अगदी प्रामाणिकपणे बोलते, असा माझा धंदा. मत द्यायचं नाही, मान हलवायची नाही, डोळे वटारायचे नाहीत. यातलं तिसरं मला आजवर जमलेलं नाही.

एरवी ईप्सिताला जर्मन चांगलं यायचं. पण पोलीस अधिकारी कोमिसारिन ब्रांड यांच्या टेबलासमोर बसल्यावर तिची सगळी भाषा पळाली, म्हणून मला बोलावलं होतं.

"मी सकाळी निघताना कठडा वर केला होता, ताई," ती म्हणाली. "देवाशप्पथ. खटका लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी कधीच निघत नाही."

मी ते सांगितलं. ब्रांडबाईंनी फोटो पुढे सरकवला. कठडा खाली होता. शेजारी जमिनीवर म्हातारी उताणी पडलेली, दोन्ही हात अंगालगत, अंगाखाली पांढरी चादर. उशाशी स्टूल, स्टुलावर पेला, चमचा आणि स्टीलची एक वाटी.

"वरचे भाडेकरू सांगतात की कठडा बऱ्याचदा खालीच असायचा," ब्रांड म्हणाल्या. "आणि ह्या खुणा कसल्या?"

दुसऱ्या फोटोत म्हातारीचं उजवं मनगट होतं. मदत बोलवायचं बटण त्यावर घड्याळासारखं बांधलेलं, आणि भोवती बोटांचे निळे वळ.

"मी त्यांना कधी जोरात धरलं नाही!" ईप्सिता मराठीत ओरडली आणि रडायला लागली. रडण्याचं भाषांतर करावं लागत नाही. पण ब्रांडबाई ते रडणं लिहूनही घेईनात, याचा मला राग आला.

जाताना त्यांनी मला सरळ सांगितलं. निष्काळजीपणामुळे मृत्यू. त्यात मारहाणीचा संशय. मुलीचं शिक्षण संपल्यात जमा, व्हिसा गेला, तुरुंगही होऊ शकतो.

"हे तिला आत्ता सांगू?" मी विचारलं.

"उद्या सांगा. उद्या त्या घरी जायचंय, तुम्हीही या."

२

घराच्या बोळात कपडे अडकवायच्या जागी एक लाकडी अडथळा उभा होता. शर्यतीत मुली ज्याच्यावरून उड्या मारतात तसला. त्यावर कोट, छत्र्या, एक लोकरी टोपी.

"माझ्या मावशीचा," फ्राउ हार्टुंगचा भाचा रायनर म्हणाला. सत्तरीचा, टापटिपीचा माणूस. मावशी जाऊन तीन दिवस झाले नव्हते, तोच घराच्या खोल्या मोजायची पट्टी त्याच्या खिशातून डोकावत होती. "ऐंशी मीटर अडथळ्यांत ती देशात पहिली आली होती. युद्धानंतर. पुढं जन्मभर क्लबातल्या मुलींना शिकवलं. मुली तिला घाबरायच्या. अडथळा पडला तर चालेल म्हणायची, पण त्याच्याकडे पाहून पाऊल चुकवलंत तर घरी जा."

"आणि युद्धात?" ब्रांडबाईंनी विचारलं.

"बर्लिनला एका कचेरीत होती. गुप्त संदेश फोडायचे तिथं. पोरसवदा होती, गणितात हुशार. इंग्रजांच्या सैन्याचे बिनतारी संदेश पकडायचे आणि अर्थ लावायचा. दिवसभर बसून पाय आखडायचे म्हणून अंगणात पळायची, तिथंच अडथळ्यांचं वेड लागलं. हे एवढंच ठाऊक. बाकी विचारलं की ती उठून फिरायला जायची."

ब्रांडबाईंनी घराबद्दल विचारलं तेव्हा त्याचे कान तांबडे झाले. "हो, घर मलाच मिळणार. भाडेकरू काढायला मी सांगत होतो, ती ऐकेना. तिला महाराष्ट्रातलेच भाडेकरू हवे असायचे, दुसरे कुणी नाही. वीस वर्षांत पाच कुटुंबं बदलली, पाचही तुमच्याकडची." हे माझ्याकडे बघून. "भारतातला एवढा एकच भाग तिला कसा सापडला, देव जाणे. आणि नियम एकच. या घरात जर्मन बोलायचं. पहिल्या भाडेकरूनं चुकून इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हटलं, तर हिनं त्याच्या तोंडावर दार लावलं."

"तुम्ही त्या दुपारी कुठे होता?"

"फ्रांकफुर्टला, दाताच्या डॉक्टरकडे. तोंड उघडं होतं, साक्षीदारही आहेत."

विनोद बरा होता. तो खराही निघाला.

मग मी म्हातारीच्या खोलीत उभी राहिले. पलंग उंच होता, दवाखान्यातल्यासारखा. त्यावरून एकशे एक वर्षांची बाई पडली तर खुबा मोडेल, निदान कोपर तरी. डॉक्टरांच्या अहवालात एकही हाड मोडलेलं नव्हतं. हृदय बंद पडलं, एवढंच. ब्रांडबाईंनाही ते खटकलं असावं. त्या दोनदा पलंगाजवळ वाकल्या.

आणि माझ्या डोक्यात त्या फोटोतली चादर काही जाईना.

३

वरच्या मजल्यावर शेडगे राहायचे. चंद्रशेखर गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर, त्याची बायको नीता एका किंडरगार्टनमध्ये मदतनीस. आणि साताऱ्याकडून दोन महिन्यांसाठी आलेले त्याचे वडील, वासुदेव. ऐंशी पार केलेले, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पाठ अजून ताठ होती, गुडघे मात्र गेलेले.

चंद्रशेखरला दुभाषी नको होता. "हे बघा, मी आधीच सांगितलंय," तो जर्मनमध्ये म्हणाला. "ती मुलगी घाईत असते. कठडा खाली असायचा. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्ही कधी पाहिलंत?" ब्रांडनी विचारलं. "तुम्ही तर सकाळी सातला निघता."

"शनिवारी वगैरे," तो म्हणाला, आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

नीतानं चहा केला. चौकशी असली तरी चहा होतोच. मी तिला वाटीबद्दल विचारलं. ती बिचकली नाही.

"आमचीच आहे. मी आजींना खाली नेहमी काहीतरी देते. त्यांना घशाचा त्रास होता ना, पातळ गेलं की ठसका लागायचा. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून द्यायचं. ईप्सितानं मला शिकवलंय ते. खीर त्यांना चालायची."

"त्या दिवशी खीर?"

"आजेसासऱ्यांचं श्राद्ध होतं. पहाटे उठून खीर-वडे केले आणि कामावर गेले. आजींना आल्यावर देऊ म्हटलं होतं, पण..." तिनं नवऱ्याकडे बघितलं. "पण मी आले तेव्हा खाली पोलीस होते."

चंद्रशेखर पटकन म्हणाला, "आदल्या दिवशीची वाटी असेल."

श्राद्धाची खीर आदल्या दिवशी कोण करतं? पण मला बोलायचे पैसे मिळत नाहीत, दुसऱ्याचं बोलणं सांगायचे मिळतात.

वासुदेवकाका खिडकीशी बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर लष्करी टोपीतल्या एका पोरगेल्या जवानाचा फोटो, त्याला हार. ते काकांचे वडील. मुलापेक्षा साठ वर्षांनी लहान दिसत होते.

"तुम्ही खालच्या बाईंना ओळखत होता का?" मी ब्रांडचा प्रश्न मराठीत विचारला.

"खिडकीतून हात करायचो."

"कधी बोललात त्यांच्याशी?"

"मला जर्मन येत नाही, पोरी. एक अक्षर येत नाही."

मी ते तसंच सांगितलं. ब्रांडनी वही मिटली. आम्ही उठलो, तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "त्या पोरीला काय करतील?"

मी तोंड उघडायच्या आत चंद्रशेखर म्हणाला, "काही नाही हो अप्पा. नुसती समज देतील."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दुभाष्यानं आपलं उत्तर द्यायचं नसतं. पण माझे डोळे बहुतेक वटारले गेले असावेत, कारण म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला.

४

गाडीत बसल्यावर मी शपथ बाजूला ठेवली.

"फ्राउ ब्रांड, मला मत द्यायला मनाई आहे. म्हणून मी एक प्रश्न विचारते. पडलेल्या माणसाच्या अंगाखाली चादर सरळ कशी?"

त्यांनी इंजिन बंद केलं.

"चादर पलंगावरची होती," मी म्हटलं. "पडताना ती ओढली गेली असती तर बोळा झाला असता, पायात गुंतली असती. ही चारही कोपऱ्यांनी अंथरलेली आहे. कुणीतरी बाईंना चादरीसकट उचलून खाली ठेवलंय. हात नीट अंगालगत घेतलेत. ही बाई पडली नाही, तिला खाली घेतलं."

"पण का?"

"आमच्याकडे माणूस शेवटच्या घटका मोजायला लागला की त्याला खाटेवर ठेवत नाहीत. जमिनीवर घेतात आणि तोंडात चमचाभर पाणी घालतात. तुमच्या फोटोत पेला आणि चमचाही आहे. पेल्यातलं पाणी तपासलंत का?"

त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला. पाणी साधं होतं. पावडरीचा मागमूस नाही.

"म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी," ब्रांड सावकाश म्हणाल्या. "ती मुलगीही तुमच्यातलीच आहे."

"ती साधं पाणी देणार नाही. तिनंच नीताला शिकवलं की साध्या पाण्यानं ठसका लागतो. नीताही देणार नाही, शिवाय ती दिवसभर मुलांमध्ये होती. हे पाणी अशा माणसानं दिलंय ज्याला पावडरीची गोष्ट ठाऊक नाही. पण मरणाची रीत पक्की ठाऊक आहे. आणि ज्याच्या हाताशी दुपारी श्राद्धाची खीर होती."

"म्हातारा? पण त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अनोळखी माणसाच्या मरणाशेजारी तो बसला, उचललं, पाणी दिलं, आणि मग गप्प का राहिला? आणि मनगटाच्या वळांचं काय?"

तिथं मीही अडले होते. ब्रांडबाईंनी गाडी सुरू केली. कचेरीच्या फाटकाशी पोचल्यावर मला रायनरचं बोलणं आठवलं आणि मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"इंग्रजांचे संदेश!" मी म्हटलं. "ते इंग्रजीत असतात, फ्राउ ब्रांड. इंग्रजी आल्याशिवाय ते फोडणार कसे? या बाईला इंग्रजी उत्तम येत होतं. येत नव्हतं म्हणून ती बंदी नव्हती. तिला ते ऐकवत नव्हतं. आणि पलटणीतल्या सुभेदाराला जर्मन येत नसलं तरी इंग्रजी येतंच. आपण त्यांना तेवढंच विचारलं नाही."

५

दुसऱ्या दिवशी काकांना कचेरीत बोलावलं. चंद्रशेखर सोबत आला आणि दारातच जर्मनमध्ये सुरू झाला. वडील थकलेत, हृदयाचा त्रास आहे, वकील येऊ दे. ब्रांडनी त्याला बाहेर बसवलं. बाहेरच्या बाकावर ईप्सिताही होती, तिची सही राहिली होती. तिला पाहून त्याने भिंतीकडे तोंड केलं. माणूस वाईट नव्हता. बापाला वाचवत होता, फक्त त्यासाठी दुसऱ्याची मुलगी खर्ची घालत होता. ते मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

वकील येईपर्यंत गप्प बसायचा हक्क आहे, हे मी काकांना सांगितलं. त्यांनी हातानंच ते उडवून लावलं.

"आधी मला सांग. पोरीला खरंच नुसती समज देणार?"

मी ब्रांडना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी मराठीत सांगितलं. तुरुंग हा शब्दही.

काका खुर्चीत ताठ झाले. मग म्हणाले, "शेखर माझ्याशी खोटं बोलला. लिहून घ्या."

आणि ते बोलत गेले.

श्राद्धाच्या दिवशी त्यांनी एक वाटी खीर घेतली आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरून खाली गेले. घरात जेवायला दुसरं कुणी नव्हतं, श्राद्धाचं एकट्यानं खायचं नसतं, म्हणून. दार नुसतं लोटलेलं होतं. म्हातारीनं वाटीकडे बोट करून खुणेनं विचारलं, कशासाठी? खुणेनं सांगता येईना, म्हणून काका इंग्रजीत म्हणाले की माझ्या वडिलांसाठी. इटलीत पडले. चव्वेचाळीस साली. मराठा पलटण.

"तशी ती इंग्रजीत बोलायला लागली. साहेबासारखं. आधी पलटणीचं नाव विचारलं, मग नदीचं. मी सांगितलं तसं तिनं डोळे मिटले. म्हणाली, वीस वर्षं मी तुमच्या लोकांना घरात ठेवतेय. प्रत्येकाला विचारते, घरात कुणी पलटणीत होतं का. सगळे नाही म्हणाले. तुमच्या मुलाला विचारलं, तोही नाही म्हणाला. शेखरला गावाकडचं सांगायची लाज वाटते."

मी सांगत होते, ब्रांड लिहीत होत्या.

"तिच्या कचेरीत आमच्या पलटणीच्या शिध्याचा संदेश पकडायचे. गोऱ्यांचा शिधा दर वेळी वेगळ्या क्रमानं मागायचे. आमचा कारकून मात्र रीतीचा पक्का. आटा, डाळ, तूप, गूळ. दर वेळी तेच, त्याच क्रमानं. एकदा ते शब्द ओळखू आले आणि तिला अख्खी लिपी सुटली. मग एके दिवशी शिधा नदीच्या वळणावर मागवला. तिनं तो वाचला आणि वर दिला. माणसं तिथं जेवायला बसली आणि तोफा सुरू झाल्या. शाबासकी मिळाली म्हणाली. मी तेव्हा आईच्या पोटात होतो."

"मग?"

"मग ती सॉरी म्हणाली. पलटणीत चहा सांडला तरी सॉरी म्हणायचे. बोलता बोलता तिला धाप लागली. छातीत कळ आली असावी. ओठ काळे पडले. मी तिचा हात धरून बसलो. श्वास तुटायला लागला तसा कठडा पाडला, तिला चादरीसकट खाली घेतली. काय वजन होतं तिला? पाणी घातलं. शेखर कामावरून आला तेव्हा मी तिथंच बसलेलो. त्यानं मला वर नेलं आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली."

मी जर्मनमध्ये सगळं सांगितलं. ब्रांडबाईंचे डोळे ओलावले. त्यांनी पेन ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांगा, त्यांनी शेवटी तिचा हात धरला, हे खूप मोठेपणाचं होतं. मुलीवरचा आरोप आजच मागे घेऊ. बाकी मदत बोलावली नाही, तेवढंच राहील. या वयात त्याचं फार काही होणार नाही."

प्रकरण मिटत होतं. ईप्सिता सुटत होती. म्हातारा घरी जाणार होता, आपल्या शेतावर, आपल्या माणसांत. मला फक्त ते वाक्य मराठीत सांगायचं होतं आणि पर्स उचलायची होती.

मी ते सांगितलं. माझा आवाज मलाच चोरटा वाटला, कारण वळ उजव्या मनगटावर होते, बटणाच्या भोवती.

काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तू बाईला नीट सांगितलं नाहीस, पोरी. की मीच नीट बोललो नाही? ती हात पुढं करत होती. ह्या हातानं त्या हाताचं बटण दाबायला. मी बटणाचाच हात मुठीत धरला, बटणासकट. ती ओढत होती, मी सोडला नाही. तिच्या अंगात किती जोर होता म्हणून सांगू! थांबेपर्यंत धरला. मोठेपणा नाही तो. असं सांग."

"काका," मी म्हणाले, "वकील येऊ दे." दुभाष्यानं हे म्हणायचं नसतं.

"सांग."

मी सांगितलं. ब्रांडबाईंचा चेहरा निर्विकार झाला. त्यांनी पुन्हा पेन उचललं आणि विचारलं, "तिला मरू द्यायचं होतं, तर मग जमिनीवर का घेतलं? पाणी का दिलं?"

काकांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. लहान मुलाला समजवावं तसं ते माझ्यामार्फत त्यांना सांगायला लागले.

"माझ्या बापाच्या तोंडात पाणी घालायला कोणी नव्हतं. माझी आई मरेपर्यंत तेवढंच बोलायची. गोळ्याचं नाही, तोफेचं नाही. पाणी कुणी घातलं असेल का रे, एवढंच विचारायची. म्हणून बाईच्या तोंडात घातलं. तिला ठसका लागला, तरी थोडं गेलं."

बाहेर ईप्सिताला कुणीतरी सांगितलं असावं की ती घरी जाऊ शकते. भिंतीपलीकडून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. काकांनी तो ऐकला आणि मला विचारलं, "आता तरी तिला सोडलं ना?"

"सोडलं," मी म्हणाले.